आधी गाडी धुवा, मग सील मागवा



लोणावळा, कामशेत, वडगाव भागात गॅरेज चालवणाऱ्यांना आज जरा कडू बोलणार आहे. जुन्या गाडीचं ऑइल लिकेज तुम्ही फुकट बघता, अंदाजाने सांगता आणि अंदाज चुकला की कामही फुकट करून देता. माझं मत स्पष्ट आहे: लिकेज शोधण्याचे वेगळे पैसे घ्या.

ओम्नीचं उदाहरण घ्या. तिचं उत्पादन 2019 मध्येच थांबलं, म्हणजे सगळ्यात नवी ओम्नीही आता जुनीच. गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडतोय. तुम्ही म्हणता, "मागचं सील गेलं." गिअरबॉक्स उतरवता, सील बदलता, दिवस जातो. आठवड्याने गिऱ्हाईक परत दारात! कारण तेल गळत होतं वर, टॅपेट कव्हरच्या कडक झालेल्या पॅकिंगमधून. ते इंजिनवरून ओघळत मागे आलं आणि खालून टपकलं. थेंब पडतो ती जागा आणि गळती सुरू होते ती जागा एकच असेल, असं धरून चालू नका.

मग शोधायचं कसं? रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवा. काळपट तपकिरी डाग म्हणजे बहुतेक इंजिन ऑइल. उग्र, गंधकासारखा वास आला तर गिअर ऑइल. एसीचं पाणी असेल तर काळजी नाही. मग थंड इंजिन डिग्रीजरने धुवा. त्याआधी अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर प्लास्टिकने झाका. वाळल्यावर संशयाच्या सांध्यांवर टाल्कम पावडर मारा आणि गाडी घाटात फिरवून आणा. खंडाळ्याच्या चढाला इंजिनवर जो लोड येतो, तो गॅरेजसमोर उभ्या गाडीवर येत नाही. परत आल्यावर पावडर सगळ्यात वर जिथे ओली झाली असेल, तिथून तपास सुरू करा.

आणखी एक गोष्ट. पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदर पाइप चोक असेल तर इंजिनच्या आत दाब वाढतो आणि नवं सीलही गळायला लागतं. तो साफ न करता सील बदलणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. शिवाय पॅकिंगवर सिलिकॉन थापू नका. आत सुटलेला तुकडा ऑइलच्या जाळीत अडकला तर इंजिनच जाईल.

आता तुम्ही म्हणाल, "सर, तपासणीचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक पळेल." काही पळतील. पण डॉक्टर तपासायची फी घेतोच ना? दर बोर्डावर लिहा, गाडी आत घेण्याआधी सांगा, काय सापडलं त्याचा मोबाइलवर फोटो दाखवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, फी घेतली तर तुम्हाला खरं बोलणं परवडतं. नुसता ओलसरपणा असेल तर सांगता येतं, "आत्ता खर्च करू नका, दर रविवारी डिपस्टिक बघा." इथल्या पावसात रस्त्यावरचा थेंब वाहून जातो, मालकाला कळतच नाही, म्हणून हे सांगायलाच हवं. आणि तेल सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडत असेल, तर ठामपणे सांगा: "गाडी आजच सोडा. आग लागू शकते."

कमाई फक्त पार्ट बसवण्यातून होत असेल, तर हात आपोआप पार्टकडेच जातो. उद्या सकाळी तपासणीचा दर ठरवा आणि बोर्ड लावा.