ठिणगीची डबी

ठिणगी हा शब्द आपल्या भाषेने फार मोठ्या कामांसाठी राखून ठेवला आहे. बंडाची ठिणगी, चळवळीची ठिणगी, प्रतिभेची ठिणगी असे आपण निबंधांतून आणि व्याख्यानांतून ऐकत आलो. परंतु जिच्यावर आज असंख्य कुटुंबांची रोजची मिळकत अवलंबून आहे ती ठिणगी याहून पुष्कळच साधी असते. मोटारसायकलच्या प्लगच्या टोकाशी, मिलिमीटरभरही नसलेल्या फटीत ती उडते आणि विझते, पुन्हा उडते आणि विझते. असे मिनिटाला काही हजार वेळा. ती उडेनाशी झाली म्हणजे काय होते, हे आमच्या मच्छे गावच्या रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास उभे राहिल्यास सहज कळते.

मच्छे हे बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव. एका अंगाला कारखान्यांची वसाहत, दुसऱ्या अंगाला भाताची शेते. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्या विद्यापीठाचे मुख्य आवारही मच्छ्याच्याच पत्त्यावर आहे. त्या आवारात इंजिनाचे शास्त्र समीकरणांनी शिकविले जाते आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली तेच शास्त्र पान्याने आणि कानाने शिकले जाते. भल्या पहाटे देसूर, नंदीहळ्ळी, झाडशहापूर या बाजूंनी दुधाच्या किटल्या लटकावलेल्या गाड्या निघतात आणि टिळकवाडीची मंडळी चहाचे आधण ठेवण्याच्या आत दारात पोहोचतात.

मागील पावसाळ्यात आमच्या शाळेतील एक मुलगी आठवडाभर आली नाही. मुलगी हुशार, आजवर कधी एक दिवस चुकविलेला नाही. म्हणून चौकशी केली. वडिलांची गाडी बंद पडली होती. ते किटल्या घेऊन सायकलने शहरात जात, त्यामुळे परतायला दुपार होई, आणि तोवर गोठ्याचे सारे काम या मुलीच्या अंगावर. मी घरी गेलो तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, गाडी बंद पडल्या खरं, पर म्हशीस्नी कोण सांगायचं, आज दूध देऊ नगा म्हून?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

शहरातील एका दुकानात त्यांना सांगण्यात आले होते की कॉइल, वायरिंग आणि विजेची डबी हे सर्वच बदलावे लागेल. चार हजारांच्या आसपास खर्च येईल. कोणता भाग बिघडला आहे हे न शोधता सगळेच बदलावयाचे, ही उपचाराची पद्धत मला वैद्यकातही मान्य नाही. आम्ही गाडी ढकलत गावातल्या मेस्त्रीकडे नेली. हा मेस्त्री कन्नड, मराठी आणि हिंदी या तिन्ही भाषा एका वाक्यात नांदवतो, आणि तिन्हींचे व्याकरण त्याच्यापुढे हात जोडून उभे असते. पण त्याची तपासणीची रीत कोणत्याही प्रयोगशाळेत शोभावी अशी होती. प्रथम त्याने पेट्रोल येते की नाही ते पाहिले. मग प्लग काढून पुन्हा टोपीत बसविला, सिलिंडरच्या तोंडापासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. टोपी बदलली. इंजिन बंद करण्याच्या बटनाची वायर सोडवून पाहिली, कारण ती कुठे घासून सांगाड्याला चिकटली तरी गाडी मुकी होते. जोडण्या उघडून त्यांतला हिरवा गंज पुसला. आमच्या भागातल्या पावसात निम्म्या गाड्या एवढ्यानेच बोलू लागतात, असे तो म्हणाला.

तरीही ठिणगी नाही, तेव्हा त्याने शेजारच्या दुकानदाराची त्याच बनावटीची चालू गाडी मागून घेतली, तिची डबी काढून या गाडीला लावली, आणि दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. एवढ्यावर तो थांबला नाही. संशयित डबी त्याने चालू गाडीला लावली. ती बंद पडली. अशी दोन्ही बाजूंनी साक्ष काढल्यावरच त्याने निकाल दिला : कॉइल ठीक, वायरिंग ठीक, गेली ती डबी.

या डबीला मेस्त्री मंडळी सी.डी.आय. म्हणतात. आकार काड्यापेटीहून थोडा मोठा, आत राळ ओतून घट्ट केलेली. उघडून दुरुस्त करण्याची सोयच नाही. तिचे काम समजून घेण्यासारखे आहे. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोतून साधारण शंभर ते तीनशे व्होल्टची वीज निघते. ती डबीतल्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या धारित्रामध्ये, साठविली जाते. पिस्टन योग्य जागी आला की मॅग्नेटोजवळची एक लहानशी कॉइल इशारा देते. त्यासरशी डबीतले थायरिस्टर नावाचे दार उघडते आणि साठलेली सारी वीज क्षणार्धात मोठ्या कॉइलवर लोटली जाते. तेथून ती पंधरा-वीस हजार व्होल्टची होऊन प्लगच्या फटीतून उडी घेते. पाण्याची टाकी हळूहळू भरावी आणि दरवाजा एकदम उघडावा, तसे.

ही व्यवस्था येईपर्यंत हे काम पॉइंट आणि कंडेन्सर करीत. बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांची बॅटरीवर चालणारी पद्धत १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत आली. दोन लहान धातूच्या टिकल्या जुळायच्या आणि सुटायच्या, इतकाच तो खेळ. टिकल्या झिजत, जळत, त्यांची फट पुन्हा पुन्हा मापावी लागे. १९६९ साली कावासाकीच्या मोठ्या गाडीत डबीची पद्धत आली, आणि आपल्याकडे १९८५ च्या सुमारास शंभर सी.सी.च्या जपानी धर्तीच्या गाड्यांबरोबर ती घरोघर पोहोचली. झिजणारे काही उरले नाही, हा मोठाच लाभ. मात्र जे झिजत होते ते दुरुस्त होत होते. ही डबी एक तर चालते, नाही तर चालत नाही.

आता प्रश्न खरेदीचा. बेळगावातल्या सुट्या भागांच्या दुकानात त्या गृहस्थांपुढे तीन वस्तू ठेवण्यात आल्या. पहिली गाडीच्या कंपनीच्या वेष्टनातली, हजारांवर किमतीची. दुसरी वेगळ्या उत्पादकाची; तिच्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता, भागाचा क्रमांक व छापील किंमत, सहा महिन्यांची हमी, आणि किंमत साडेचारशेच्या घरात. तिसरी पारदर्शक पिशवीत, नाव ना गाव, दोनशेच्या आत. दुकानदार दुसरीला आणि तिसरीला मिळून एकच शब्द वापरत होता : डुप्लिकेट. भाषेच्या शिक्षकाला येथे थांबणे भाग आहे, कारण या एका शब्दाने दोन अगदी निराळ्या वस्तू झाकल्या जातात. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर जुळणारा भाग बनविणे हा सरळ व्यापार आहे. वाहन कंपन्या आपले पुष्कळसे भाग स्वतः बनवीतच नाहीत. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९९० साली सुरू झालेली व्हॅरॉक ही कंपनी बजाजच्या वाहनांना भाग पुरवीत मोठी झाली आणि सुट्या बाजारातही आपल्या नावाने माल विकते. मायकोचे प्लग ज्येष्ठ वाचकांना आठवत असतील. बंगळूरची ती १९५१ ची कंपनी; २००८ साली तिचे नाव बॉश झाले, तरी जुने गाडीवाले अजून मायकोच मागतात. दुसऱ्याचे नाव आणि बोधचिन्ह चोरून छापणे मात्र १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा आहे. आणि बिननावी वस्तू या दोहोंहून वेगळी : तिच्याबद्दल कोणी उत्तरच द्यावयाचे नाही.

मेस्त्रीने दुसरी सुचविली होती. त्या गृहस्थांनी तिसरी घेतली. आठवडाभराच्या दुधाचे गिऱ्हाईक तुटलेले, त्यात घरी दोन म्हशींची पेंड आणावयाची. त्यांना दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. गाडी झटकन सुरू झाली आणि दोन दिवस सगळे आनंदात होते. मग देसूरच्या बाजूच्या चढावर ती दम टाकू लागली. सायलेन्सर नको इतका तापू लागला, पेट्रोल जास्त लागू लागले. गाडी बंद पडत नव्हती, म्हणून तक्रार नेमकी काय करावी हेही कळत नव्हते.

कारण असे. पेट्रोलची वाफ पेटायला आणि जळायला काही काळ लागतो, म्हणून पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी पडावी लागते. इंजिन सावकाश फिरत असता हे अंतर दहा-पंधरा अंशांचे पुरते. वेगाने फिरू लागले की तेच पंचवीस-तीस अंशांपर्यंत पुढे आणावे लागते. चांगली डबी हे आपसूक करते. मेस्त्रीजवळ टायमिंग पाहण्याचा लुकलुकणारा दिवा होता. तो मॅग्नेटोवर धरला असता गाडी मंद चालू असताना 'एफ' अक्षराची खूण बरोबर समोर दिसली. मूठ पिळली, खूण सरकून पुढच्या दोन रेषा समोर यायला हव्या होत्या. त्या आल्याच नाहीत. ही डबी प्रत्येक वेगाला एकच ठिणगी एकाच क्षणी देत होती. सगळ्या वर्गाला एकच धडा एकाच गतीने शिकविणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्या वर्गातही गाडी सुरू होते, पण चढत नाही.

मग दुसरी डबी घेतली गेली. त्याच दिव्यापुढे तिच्या रेषा सरकल्या. तेव्हापासून गाडी रोज शहरात जाते आणि मुलगी रोज शाळेत येते. कंपनीची डबी घेतली असती तर? ती उत्तमच असती. पण पंधरा वर्षांच्या गाडीला, जिची विक्रीची किंमतच आता फारशी उरलेली नाही, दुप्पट-अडीचपट पैसे घालावे असे काही तिच्यात जास्त नव्हते.

बडोदे, इंदूर, हैदराबादच्या वाचकांपैकी कोणावर हा प्रसंग आला तर एक सावधगिरी अवश्य बाळगावी. सी.डी.आय. दोन जातींच्या असतात. एक मॅग्नेटोच्या उच्च दाबाच्या विजेवर चालते, दुसरी बॅटरीच्या बारा व्होल्टवर. बाहेरून त्या सारख्याच दिसतात, कधी कधी जोडणीही एकमेकींत बसते. बॅटरीच्या जातीची डबी मॅग्नेटोच्या वायरीला लावली तर ती पहिल्याच किकेला जळते. म्हणून दुकानात 'शंभर सी.सी.ची डबी द्या' असे न म्हणता गाडीचे मॉडेल, वर्ष आणि जुनी डबी बरोबर न्यावी, आणि पावती घ्यावी. शिवाय प्लगची वायर मोकळी लोंबती ठेवून किक मारू नये. उडी घ्यायला जागा न मिळालेली वीज डबीवर किंवा कॉइलवरच उलटते.

ज्यांच्या अंगणात म्हैसूरची जावा किंवा येझदी अजून उभी आहे त्यांचे प्रकरण निराळे. आयडियल जावाचा तो कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि १९९६ साली बंद पडला. त्या गाड्यांना ज्याला ओरिजिनल म्हणतात तो भाग आता जुन्या साठ्यातच सापडला तर सापडतो. एरवी त्या सर्वस्वी बाजारच्या भागांवर जगतात, आणि चांगल्या जगतात. गार असताना सुरू होणारी आणि तापल्यावर बंद पडणारी अशी गाडी असेल, पॉइंटांवर निळ्या ठिणग्या उडत असतील आणि प्लगवर पिवळट अशक्त ठिणगी दिसत असेल, तर आधी कंडेन्सर पाहावा. इंजिनाच्या उष्णतेने त्याच्या आतले आवरण खचते. मोटारीचा कंडेन्सर, साधारण पाव मायक्रोफॅरडचा, इंजिनापासून दूर टाकीखाली बसवून वायरीने जोडला की वर्षानुवर्षे त्रास देत नाही. पॉइंटांची फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास, फीलर गेजने मापून, पोस्टकार्डाने नव्हे.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांचे प्रदूषणाचे मान अधिक कडक झाले. पेट्रोल फवारणे आणि ठिणगी पाडणे ही दोन्ही कामे आता बहुतेक गाड्यांत एकाच संगणकी पेटीकडे गेली आहेत. तिला बाजारचा पर्याय सहजासहजी मिळत नाही आणि तिचा दोष वाचायलाही यंत्र लागते. आमच्या मेस्त्रीने ते यंत्र हप्त्याने घेतले आहे. त्यावरची अक्षरे इंग्रजी असतात, तेवढ्यापुरता तो कधी संध्याकाळी शाळेकडे येतो.

आणखी एक. काही डब्यांना वायरींची शेपटी आणि तिच्या टोकाला जोडणी असते. ती जोडणी सुटी मिळणे कठीण. जुनी डबी भंगारात टाकण्यापूर्वी ती चार बोटे वायरीसकट कापून घेऊन अवजारांच्या डब्यात ठेवावी.