गुपचूप लावलेले मलम

काही दुखणी पुरुष आपल्या पत्नीसही सांगत नाही. जांघेत वा गुह्येंद्रियावर उठणारी खाज ही त्यांपैकीच एक. डॉक्टरांकडे जाण्याऐवजी गृहस्थ औषधांच्या दुकानात हळूच मलम मागतो. चार दिवस आराम पडतो. पण त्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असते. ते खाज दडपते, बुरशीला मारीत नाही. मग गजकर्ण अधिकच पसरते आणि तेथील नाजूक त्वचा विरळ होत जाते. २०१८ साली भारत सरकारने अशा अनेक मलमांस डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली. तरी गुपचूप खरेदी थांबलेली नाही.

खाजेची कारणे अनेक असतात. रात्री बळावणारी खाज खरजेची असू शकते. तेव्हा घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. शिश्नाग्रावर वारंवार येणारी लाली कधी मधुमेहाची पहिली सूचना ठरते. न भरणारा व्रण तर विनाविलंब दाखवावा.

आमचे सांगणे इतकेच : दोन आठवड्यांत खाज न शमल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि आधी लावलेल्या मलमाचे नाव न लपविता सांगावे. डॉक्टरांपुढील क्षणभराचा संकोच महिनोन् महिने मुकाट्याने सोसण्याहून हलकाच असतो.