हार्नेसवालीला कुशल कामगार म्हणा

दिवाळीनंतर आमच्या बजाजनगरच्या दारात एक काका 1969 सालची स्टँडर्ड हेराल्ड दोरीने ओढून घेऊन आले. दिवे लावले की डॅशबोर्डाखालून धूर यायचा. "ताई, गॅरेजवाले म्हणतात जळालेला तुकडा कापू आणि नवी वायर जोडू. तुमचं काय मत?"

मी बॉनेट उघडायला सांगितलं. या गाडीचं बॉनेट दोन्ही मडगार्डं आणि दिव्यांसकट अख्खं पुढे कलतं. त्यामुळे दिव्यांच्या वायरी दर वेळी एकाच जागी वाकतात, आणि पन्नास वर्षं वाकून तिथलं आवरण पापडासारखं तडकलं होतं. आत ज्याच्या हाताला जी वायर लागली ती त्याने जोडलेली. लालला लाल, तिच्यावर पुन्हा लाल, आणि वर टेपचे गठ्ठे. "काका, कापायचं काही नाही," मी म्हटलं. "अख्खा हार्नेस, म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरींचा बांधलेला जुडगा, उतरवायचा आणि नवा बांधायचा."

हे मी धाडसाने म्हटलं नाही. वाळूजच्या एका कारखान्यात तेवीस वर्षं मी हार्नेसच्या बोर्डावर उभी होते. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणारे छोटे कारखाने उभे राहिले. त्यातल्या हार्नेसच्या लाइनवर रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटीच्या बायका तुम्हाला दिसतील.

काकांची ही हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने 1961 पासून बनवायला घेतली. मूळची ती इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. तिचीच चासी आखूड करून इंग्रजांनी 1962 मध्ये स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. त्यामुळे स्पिटफायरवाल्यांना जे दुखणं, तेच आमच्या काकांना. दोघींच्या वायरी लुकास या ब्रिटिश कंपनीच्या रंगांत बोलतात. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीतून आलेली, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, काळी म्हणजे अर्थ. निळीवर पांढरी रेघ असेल तर हाय बीम, लाल रेघ असेल तर डिप. हिरवीवर लाल रेघ डाव्या इंडिकेटरची, पांढरी रेघ उजव्याची. काकांकडे जुन्या मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा होता. एका रात्रीत तो मला पाठ झाला.

सगळीकडे लाल वायर लावणारा माणूस ही भाषाच पुसून टाकतो. पुढच्या मेकॅनिकला कोणती वायर कुठे जाते ते कळत नाही, मग तोही अंदाजाने कापतो. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत फ्यूज एक-दोनच, काहींत तेही नाहीत. तपकिरी वायर पत्र्याला टेकली तर तिला थांबवणारं मध्ये काहीच नसतं, बॅटरीचा सगळा करंट तिथे धावतो. त्यात लोक हौसेने हॅलोजन बल्ब लावतात. साठ वॅटचे दोन म्हणजे बारा व्होल्टवर दहा अँपिअर, आणि तेही त्याच जुन्या स्विचमधून. धूर येणारच. म्हणून दिव्यांचा करंट स्विचमधून जाऊ नये यासाठी मी रिले लावला आणि फ्यूजही वाढवले. गाडीचं मूळ रूप जपावं याला माझी मनापासून साथ आहे, पण आग लागण्याची सोय जपण्यात कसली हौस?

जुना हार्नेस काढण्याआधी प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधली. मग तो प्लायवूडवर पसरला, पेन्सिलने आखला आणि प्रत्येक फांदीच्या वळणावर खिळे ठोकले. झाला बोर्ड. टोकं डागली नाहीत, क्रिंप केली, म्हणजे पकडीने दाबून बसवली. डाग दिलेली वायर कडक होते आणि गाडीच्या थरथरीने डाग संपतो तिथेच तुटते. प्रत्येक क्रिंप ओढून पाहिला. टेप गुंडाळताना ताण सारखा ठेवावा लागतो. सैल राहिला तर हार्नेस पत्र्यावर घासतो, जास्त झाला तर वळणावर वायर खेचली जाते. हा ताण बोटांनाच कळतो.

मशीन हे काम अजून नीट करू शकत नाही, कारण वायर लवचीक असते, दर वेळी वेगळी पडते. 2022 मध्ये युद्धामुळे युक्रेनमधले हार्नेसचे कारखाने अडले, तेव्हा जर्मनीत फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूसारख्यांनाही उत्पादन थांबवावं लागलं. रोबोट होते, इंजिनं होती, पैसा होता. फक्त हातांनी बांधलेला हार्नेस नव्हता.

आणि माझ्या शेवटच्या पगारपावतीवर हुद्दा होता 'हेल्पर'. तेवीस वर्षं! किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे रकाने असतात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बहुतेक बायका अकुशलच्या रकान्यात निवृत्त झाल्या, काही तर ठेकेदाराच्या यादीतून एका दिवसात गळाल्या. गाडीची कदर आपण शिकलो आहोत. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूप राखलेल्या गाड्यांना 'विंटेज' म्हणून दहा वर्षांची वेगळी नोंदणी मिळते. ती गाडी चालती ठेवणाऱ्या हातांची नोंद मात्र कुठेच नाही.

2024 मध्ये टोयोटाने आणि विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या एथरने आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कारखाने काढण्याची घोषणा केली. विजेच्या गाड्यांत जास्त दाबाच्या केबली नारिंगी रंगाच्या असतात आणि त्यातली चूक जिवावर बेतते. तिथे माणसं घेताना दहावीनंतरचं प्रमाणपत्र विचारलं जाईल आणि वीस वर्षं बोर्डावर घालवलेली बाई गेटवरून परत फिरेल. अनुभवी कामगाराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहे. ती वाळूजमध्ये हार्नेसच्या कामासाठी लावा, आणि पास होणारीला कुशल कामगाराचं वेतन द्या, मग ती कंपनीची असो की ठेकेदाराची.

परीक्षा कशी घ्यायची तेही सांगते. एक नकाशा द्या, रिकामा बोर्ड, शंभर वायरी, क्रिंपिंगची पक्कड आणि चार तास. शेवटी मल्टीमीटर लावा. निकाल तोच देईल.