कोळसा गेला, पाळणे आले, कर्ज राहिले



जपानातल्या युबारीची गोष्ट ऐका. १९६० साली या कोळशाच्या गावात सुमारे १ लाख १७ हजार माणसे होती. १९९० मध्ये शेवटची खाण बंद पडली. कंपन्या निघून गेल्या. कामगारांच्या चाळी नगरपालिकेच्या गळ्यात पडल्या. 'आता पर्यटन तारील' म्हणत पुढाऱ्यांनी कर्ज काढून आकाशपाळणे, संग्रहालये, हॉटेले उभारली. तोटा वाढला, तो हिशेबात झाकला. २००७ मध्ये गावाचे दिवाळे वाजले. कर्ज सुमारे ३,५३० कोटी येन! कर वाढले, शाळा मोडल्या, इस्पितळ आक्रसले. फेडायचे कुणी? मागे राहिलेल्यांनी. आज वस्ती सात हजारांच्या आत आहे.

मग टिकले काय? शेतकऱ्याचे खरबूज! २०१९ च्या पहिल्या लिलावात दोन फळांना ५० लाख येन मिळाले. हा मानाचा भाव, रोजचा नव्हे. पण नाव शेतकऱ्याने कमावले, प्रतवारी त्याच्याच संस्थेच्या हाती.

वणी-चंद्रपूरच्या भावांनो, खाणी कधीतरी संपतील, पाळणेवाले येतील. त्यांना तीनच प्रश्न विचारा : कर्ज कुणाच्या नावावर? जमीन परत कधी? आणि आमच्या मालाच्या भावाचे काय?