केनियाच्या निवडणुकीत जमिनीचा प्रश्न ऐरणीवर

केनियात ४ मार्च २०१३ रोजी झालेल्या निवडणुकीपूर्वी, २५ फेब्रुवारीला अध्यक्षपदाच्या उमेदवारांची दुसरी जाहीर चर्चा झाली. टवेटा भागात आपल्या कुटुंबाची ३०,००० एकर जमीन असल्याचे उहुरू केन्याटा यांनी त्यावेळी मान्य केले. मात्र, ती रीतसर खरेदी केलेली असल्याचा दावा त्यांनी केला.

हा दावा कागदोपत्री खरा मानला तरी मूळ वाद संपत नाही. ब्रिटिश राजवटीत सुपीक पठारावरील जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांकडे गेल्या. १९६३ मधील स्वातंत्र्यानंतर त्या विक्रीस निघाल्या, तेव्हा ज्यांच्याकडे पैसा आणि सत्ताधाऱ्यांशी जवळीक होती, त्यांचेच फावले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांवर मात्र उपऱ्याचे जिणे आले. सरकारी जमिनींच्या बेकायदा वाटपाची जंत्री एन्डुंगू आयोगाने २००४ मध्येच मांडली होती.

२००७ च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात अकराशेहून अधिक लोक मारले गेले. त्यामागेही जमिनीचे जुने वैर होते. त्यामुळेच प्रचारात जमिनीचा विषय काढू नये, अशी तंबी पोलीसप्रमुखांनी २०१३ मध्ये दिली. रोगाचे नाव घेण्यास मनाई करण्याचाच हा प्रकार. प्रमुख प्रतिस्पर्धी रायला ओडिंगा यांच्या प्रचारात हा मुद्दा तरीही राहिला.

केन्याटा विजयी झाले. त्यांचे उपाध्यक्ष विल्यम रुटो यांना त्याच वर्षी जूनमध्ये, हिंसाचारात विस्थापित झालेल्या एका शेतकऱ्याची १०० एकर जमीन परत करण्याचा आणि ५० लाख शिलिंग भरपाई देण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. ती जमीनही विकत घेतल्याचेच रुटो यांचे म्हणणे होते.