अस्थींची साक्ष

मानवी सांगाडा सापडला की पाहणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘हा मनुष्य केव्हा मरण पावला असेल?’ आणि उत्तरही बहुधा स्वतःच देऊन मोकळा होतो. हाड पांढरे दिसले की नवे, काळवंडलेले दिसले की जुने! माझ्या मते ही घाई अज्ञानापेक्षाही घातक होय.

उत्तराखंडातील रूपकुंडाचेच उदाहरण घ्या. सुमारे ५,००० मीटर उंचीवरील या चिमुकल्या सरोवराकाठी १९४२ साली एका वनाधिकाऱ्यास पुष्कळ माणसांच्या अस्थी आढळल्या. थंडीमुळे काहींवर मांस व केसही शिल्लक होते. दिवस महायुद्धाचे, तेव्हा हे जपानी सैनिक असावेत, अशी शंका घेण्यात आली. पुढे किरणोत्सारी कार्बनाच्या मापनानंतर, नवव्या शतकातील यात्रेकरू एकाच गारपिटीत सापडून मेले, असे मत रूढ झाले. परंतु २०१९ साली आमच्या हैदराबादेतील पेशी व रेणू जीवविज्ञान केंद्रासह अनेक संस्थांच्या शास्त्रज्ञांनी ३८ जणांच्या अस्थींविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी २३ जण भारतीय उपखंडातील वंशाचे. तेही सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान, निरनिराळ्या वेळी मेलेले. उरलेले १४ जण पूर्व भूमध्य प्रदेशातील वंशाचे व एक आग्नेय आशियातील. हे पंधरा जण इ. स. १८०० च्या सुमाराचे निघाले! हजार वर्षांच्या अंतराने मेलेली माणसे शेजारी-शेजारी पडली होती. नुसत्या डोळ्यांना ते अंतर दिसले नाही.

यात नवल नाही. हाडाची झीज केवळ काळ ठरवीत नाही. माती, ओल, उष्णता व जनावरे हीही ठरवितात. आम्लधर्मी जमिनीत हाड लवकर विरते, गोठलेल्या जागी सहस्रावधी वर्षे टिकते. १९५५ नंतरच्या अणुचाचण्यांनी हवेतील किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला. त्या खुणेवरून त्यानंतर जगलेल्या माणसाचे हाड ओळखता येते. तरीही प्रामाणिक शास्त्रज्ञ बहुधा एकच वर्ष सांगत नाही. ‘अमुक ते अमुक या दरम्यान’ असे सांगतो.

कित्येकांना हा दुबळेपणा वाटतो. मला ती सचोटी वाटते. मृत्यूचा काळ चुकला तर निरपराध मनुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील, किंवा वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या मातेस, मुलाच्या अस्थी सापडूनही, त्याचा ठाव कळणार नाही. विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेत नेमक्या उत्तराला गुण मिळतात. परंतु जेथे पुरावा नेमका नाही, तेथे नेमके उत्तर देणे ही फसवणूक होय. मृतांना आपली बाजू मांडता येत नाही. म्हणून त्यांच्याविषयी जिवंतांनी अधिक जपून बोलले पाहिजे.