कंदील चायनाचा, रडगाणं आपलं

दिवाळी जवळ आली की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड हमखास येतो. "चायनीज आकाशकंदील घेऊ नका, संस्कृती वाचवा." खाली पंचवीस अंगठे. अंगठा देणाऱ्यांपैकी किती जणांनी गेल्या दहा वर्षांत हाताने बनवलेला कंदील विकत घेतला? मी विचारलं एकदा. ग्रुपवर शांतता!

मुळात चीनची कंदीलकला म्हणजे ऐंशी रुपयांचा प्लॅस्टिकचा गोळा नव्हे मंडळी. तो आपण मागितला म्हणून त्यांनी पाठवला. स्वतःसाठी ते काय करतात ते बघा. 2023 साली शांघायच्या यूयुआन बागेतल्या कंदील उत्सवाचा विषय होता 'शान हाय जिंग', म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना, चित्रविचित्र प्राण्यांनी भरलेला त्यांचा पुराणग्रंथ. तारेचे सांगाडे, त्यावर कापड, आत दिवे, आणि त्यातून उभे राहिलेले अजस्र मासे न् पक्षी. त्याच वर्षाअखेर हा उत्सव पॅरिसलाही गेला. सिचुआन प्रांतातल्या झीगाँगचे कारागीर तर चिनीमातीच्या बशा आणि औषधाच्या बाटल्यांचेही कंदील करतात. सण जुनाच, नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेचा. कथाही जुन्याच. फक्त त्या सांगायची हौस अजून शिल्लक आहे.

आणि आपण? माझं गाव अमडापूर, ता. चिखली, जि. बुलडाणा. आमच्याच जिल्ह्यात लोणार. लवणासुर जमिनीखाली लपला, विष्णूने बिळावरचं झाकण उडवून त्याला मारलं, म्हणून तिथे दैत्यसूदनाचं देऊळ. विज्ञान म्हणतं उल्का पडली, 1.8 किलोमीटरचं विवर झालं. दैत्य घ्या नाहीतर उल्का घ्या, कंदिलासाठी याहून भारी विषय सांगा! पण बाजारात आजही चांदणी, गोळा आणि फार तर छोटा भीम.

"त्यांच्याकडे पैसा आहे हो," असं कुणीतरी म्हणणारच. पैसा आपल्याकडेही आहे. गणपतीत मंडळं वर्गणी काढून दहा दिवसांसाठी अख्खी पुराणं हलत्या देखाव्यात उभी करतातच की. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत अजून लोक खास कंदील घ्यायला जातात. म्हणजे हात आहेत, डोकं आहे. नाहीये ती दाम मोजायची दानत.

हे मी कुठल्या तोंडाने बोलतोय तेही सांगतो. लहानपणी आमच्या शेजारचे काका कंदील करायचे. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, घरची खळ. चौकोन-त्रिकोण जुळवताना एक कामटी अर्धा सेंटिमीटर लांब झाली की अख्खा कंदील लंगडायचा. इंजिनिअरिंगला टॉलरन्स शिकवला तेव्हा मला तो आधीच येत होता. गेल्या दिवाळीत घरी गेलो तर काकांच्या ओसरीवर एकच कंदील. म्हणाले, "चारशे." मी सवयीने म्हटलं, "काका, अडीचशे करा ना." पुण्यात कॉफीला तेवढे देताना मी तोंड उघडत नाही.

काकांनी भाव नाही केला. म्हणाले, "दोन दिवस लागते बाबू याले. तुले पायजे असन तर असाच घेऊन जाय."

फुकट दिलेला तो कंदील घेऊन मी घरी आलो. च्यायला, त्या रात्री तो लावायची लाज वाटली.

तेव्हा यंदा फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना एकच विनंती आहे. बहिष्कार फुकट असतो, कारागीर फुकट नसतो. चायनाचं नाव काढण्याआधी एका माणसाला दोन दिवसांची मजुरी द्या, आणि त्याला काहीतरी नवीन करायला सांगा. फसलं तर फसलं.

मी काकांना फोन केलाय. झाकण उघडून उजेड बाहेर पडेल असा लवणासुराचा कंदील हवाय, पैसे आधीच पाठवलेत, भाव त्यांचा. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काहून बे, लवणासुराले शिंगं असते का?"

मला माहीत नाही. पण हा प्रश्न आमच्या गावात कुणीतरी विचारला, याचंच मला बरं वाटलं.